रिकाम्या गाडीचं वजन

आंबिवली,
५ जानेवारी २०२५

चि. रुचिता,

तुझ्या महिपत मामाचा आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. ही शिक्षा आहे, आणि ती मला दिशाने दिलीय. दिशा म्हणजे मला व्यायाम शिकवायला येते ती मुलगी. कंपवातात हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं, पण अक्षरही आक्रसत जातं. माझी ओळ हत्तीने सुरू होते आणि मुंगीने संपते. म्हणून तिने पहिलीच्या पोरांची दुरेघी वही आणून दिली. रोज एक पान लिहायचं. अक्षर वरच्या रेघेला लागलं पाहिजे आणि खालच्या रेघेला टेकलं पाहिजे.

पहिले काही दिवस देवाचं नाव लिहिलं. मग वाटलं, देवाला माझं अक्षर तपासण्यात काय रस असणार? त्यापेक्षा भाचीला लिहावं. फोनवर तर माझा आवाज पोचतच नाही. तू तिकडे "हॅलो, हॅलो" करत राहतेस आणि मला इकडे वाटतं मी गाव गोळा होईल इतका ओरडतोय.

आता मुद्द्याचं. तुझी आई परवा मानपाड्याहून आलेली, ती सांगत होती की तू माझ्याच गोळ्यांवर संशोधन करतेस, आणि ही गोळी म्हणे अंगातल्या प्रथिनांमध्ये चुकून जाऊन बसते. हे ऐकल्यापासून गोळी घशाखाली उतरताना अडते. तुला माहीत आहे, मी जन्मभर पडघ्याच्या रस्त्यावर वजनकाटा चालवला. गाडीत काय भरलंय ते कळल्याशिवाय कधी पावती फाडली नाही. मग ही गोळी काय आहे ते न कळता रोज चार वेळा कशी गिळायची? खरं काय ते लिही. मला समजेल असं लिही, पण लहान पोराची समजूत काढतात तसं नको.

उत्तर पत्रानेच पाठव. मोबाइलवर पाठवलंस तर वाचणार नाही. तुळसा मामी म्हणते, ठाणे आंबिवलीहून असं कितीसं लांब, पोरीला सरळ बोलवा की. पण तू कामात असतेस हे मला ठाऊक आहे.

तुझा,
महिपत मामा

•

ठाणे,
१९ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. अक्षर झकास आहे. दिशाला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क द्या.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. गोळी चालू ठेवा. तिच्यामुळे तुम्ही चालता, जेवता, मला पत्र लिहिता. हे पक्कं माहीत असलेलं आहे. मी शोधतेय ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही.

आता काट्याच्या भाषेत सांगते. आपलं शरीर प्रथिनं बांधतं ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवून. कुठल्या जागी कुठलं हे ठरलेलं असतं. त्यातल्या एकाचं नाव टायरोसीन. तुमच्या गोळीतलं लेव्होडोपा हे त्याचं जवळपास जुळं भावंड, फक्त एक ऑक्सिजन जास्त. ओवणाऱ्याची नजर चांगली असते, पण क्वचित फसते आणि टायरोसीनच्या जागी गोळीतलं लेव्होडोपा ओवलं जातं. हजारो मणी बरोबर, मग एखादा चुकीचा. त्याने काही बिघडतं का? बहुतेक पेशी अशी प्रथिनं मोडून टाकत असाव्यात. पण साचत गेली तर काय, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही.

ती चूक पकडायची कशी, हे माझं काम. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांतली प्रथिनं आम्लात उकळून मणी सुटे करायचे. त्या नळीतली हवा आधी काढून टाकावी लागते, नाहीतर तिथेच मणी गंजतात. मग एका बारीक नळीतून ते ढकलायचे, म्हणजे एकेक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि शेवटी आमचा काटा. तो रेणूचं वजन करतो. एक ऑक्सिजन जास्त असला तरी काटा लगेच दाखवतो.

मग अडचण कुठे? अडचण ही, की साधं टायरोसीनही शरीरात झिजून, गंजून तो जास्तीचा ऑक्सिजन उचलतं. वजन तेच. म्हणजे तुमच्या काट्यावर गाडी जड भरली, पण माल खाणीवरच जास्त भरला होता की वाटेत पावसात भिजला, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. आणि कंपवातात शरीरात गंज जास्त असतोच. दोष गोळीचा की आजाराचा, एवढाच माझा प्रश्न आहे. चार वर्षं त्यात गेलीत.

आणखी एक: बोंबील खाल्ल्याबरोबर गोळी घेऊ नका. मासे-डाळीतली अमिनो आम्लं आणि गोळी एकाच दारातून आत जायला भांडतात. गोळी आधी, जेवण नंतर. मामीला सांगा, मी तिच्या सुकटीच्या विरोधात नाही.

तुमची,
रुचिता

•

आंबिवली,
२ फेब्रुवारी

चि. रुचिता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा समजायला, एकदा मामीला सांगायला आणि एकदा उगाच. आमच्या घरात काट्यावर बसणारी दुसरी पिढी निघाली याचा फार आनंद झाला. तुझ्या आजोबांनी मिठागरात जन्म काढला, त्यांचा विश्वास फक्त टोपलीवर. मी वजनाला बसलो तेव्हा म्हणाले होते, हा काय बसून खायचा धंदा! आज असते तर त्यांना सांगितलं असतं की नात ऑक्सिजन तोलते.

पण बाय, एक गोष्ट मला कळली नाही. भरलेली गाडी तू तोललीस. रिकामी तोललीस का? आमच्याकडे पहिला धडा तो. गाडी नुसती भरलेली आली तर मी परत पाठवायचो. आधी रिकामी काट्यावर आण, मग भरून आण, दोन्हींची वजाबाकी तो माल. गोळी खाणारे लोक तुझ्या भरलेल्या गाड्या. मग ज्याला हाच आजार आहे पण गोळी अंगात गेलीच नाही, असा माणूस नको का तुला? त्याच्यात जेवढं सापडेल तो गंज. वर जे उरेल ते गोळीचं.

चुकत असलो तर सांग. म्हाताऱ्याला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी लिहिणार नाही.

मामा

•

ठाणे,
१६ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र मी आमच्या सुश्रुत सरांना वाचून दाखवलं. सर हसले, म्हणाले, "अगं, तुझ्या प्रबंधातलं भोक तुझ्या मामांनी पोस्टाने पाठवलंय." भोक आम्हाला माहीत होतंच, पण तुमच्यासारखं एका ओळीत कुणी सांगितलं नव्हतं.

रिकामी गाडी हीच तर मिळत नाही, मामा. गोळी चालू असलेले पेशंट ढीगभर आहेत. निरोगी माणसं तर वाटेल तितकी. पण आजार आहे आणि गोळी अजून सुरू झाली नाही, असा माणूस सापडतो तो डॉक्टरांच्या टेबलासमोर, आजार कळला त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तो औषध सुरू करतो, आणि करायलाच हवं. एका प्रबंधासाठी कुणी कुणाला औषध थांबवायला सांगू शकत नाही, तसं करणं गुन्हाच आहे. पाचपाखाडीतल्या एका डॉक्टरांनी कबूल केलंय की नवीन पेशंट आला, तयार असला, तर पहिल्या गोळीआधी रक्त घेऊन पाठवतील. आतापर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. एप्रिलअखेर नमुने घेणं बंद. त्याच्या आत अजून थोडे मिळाले नाहीत तर सर म्हणतात, प्रबंध लंगडा उभा राहील. मी वर्गात कधी नापास झाले नाही, आणि आता हे. कधीकधी बाथरूमचा नळ सोडून रडते. आईला सांगू नका.

बाकी मजेत. तुमच्या अक्षराकडे बघून बरं वाटतं. पोस्टमन विचारत होता, शाळेतल्या कुणाचं पत्र का?

तुमची,
रुचिता

•

आंबिवली,
९ मार्च

चि. रुचिता,

रडू नकोस. आपल्या घरात रडण्याचं खातं मामीकडे आहे, ती सिनेमाला पण पुरून उरते.

होळीला येऊ नकोस. घराला रंग काढलाय, बसायला जागा नाही.

एक सहज विचारतो. गोळी घेतली की ती रक्तात किती वेळ राहते? समजा एखाद्याने घेतली नाही, तर रक्त कधी साफ होतं? मी आणि काळुराम बोलत बसलो होतो, तेव्हा विषय निघाला. काळुराम तुला आठवतो ना, टेम्पोवाला, माझ्या काट्यावरचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याशी पैज लागलीय, तेव्हा बरोबर उत्तर लिही.

मामा

•

ठाणे,
२० मार्च

ती. मामा,

पैज कोण जिंकलं? लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. काही तासांत उतरतं, म्हणून तर तुम्हाला दिवसातून चार वेळा घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवसापर्यंत रक्तात त्याचं नावही राहत नाही.

घाईत लिहितेय. यंत्राचा पंप गळतोय आणि दुरुस्तीवाला अजून आलेला नाही. रंग झाला की घर बघायला येईन.

रुचिता

•

आंबिवली,
१७ एप्रिल

चि. रुचिता,

मी बरा आहे. पैज मी जिंकली. डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केलाय, त्यामुळे जरा हळू चालतंय. लिहायला वेळ लागतो. तू येऊ नकोस, काम संपव. नमुने मिळाले का ते कळव.

मामा

•

ठाणे,
२९ एप्रिल

ती. मामा,

एवढंसं पत्र? आणि अक्षर किती बारीक! कागद वाचवताय की दिशाला सुट्टी दिलीय? मला भिंग लावून वाचावं लागलं. दुरेघीच्या मधोमध अक्षरं अशी बसलीत की ना वर लागतात ना खाली. व्यायामाला बुट्टी मारू नका हं, मी मामीला सांगेन.

चांगली बातमी. नमुने आले. पाचपाखाडीहून या महिन्यात आणखी काही रिकाम्या गाड्या मिळाल्या. आमच्याकडे नाव कळत नाही, नळीवर फक्त आकडा असतो आणि "औषध सुरू नाही" एवढीच नोंद. कोण असतील ते, त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

रुचिता

•

ठाणे,
२२ जून

ती. मामा,

तुम्हाला घरी सोडलं हे आईकडून कळलं. पलंगावर आहात, पण घरी आहात, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात मी आलेले तेव्हा तुम्ही माझा हात धरून काहीतरी बोलत होतात. मी कान अगदी तोंडाजवळ नेला, तरी कळलं नाही. मी नुसतं "हो हो" म्हटलं. त्याचं मला फार वाईट वाटतंय. काळुरामकाकांच्या टेम्पोतून उतरताना पाय जागच्या जागी खिळला आणि तुम्ही पडलात, एवढंच मामीने सांगितलं. खुब्याचं हाड मोडेपर्यंत आजार वाढत होता आणि मी भिंगातून अक्षर बघून विनोद करत होते.

पण आज तुमच्यासाठी एक औषध पाठवतेय. ऐका. एप्रिलमध्ये आलेल्या रिकाम्या गाड्यांपैकी एक जड भरली! त्या माणसाने गोळी कधी घेतलीच नाही. पेशी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात लेव्होडोपाचा थेंब नाही. आणि तरी त्याच्या पेशींच्या प्रथिनांत जास्तीच्या ऑक्सिजनवालं टायरोसीन तितकंच, जितकं वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत सापडतं. याचा अर्थ कळला ना? दोष गोळीचा नाही. आजाराचा गंजच तेवढा असतो. एकच नमुना आहे, सर अजून मान डोलवत नाहीत, आणखी तपासायला सांगतात. पण मला आतून वाटतंय, हेच उत्तर आहे. जानेवारीत तुम्ही विचारलं होतं ना, न कळता गोळी कशी गिळू? आता बिनघोर गिळा. हा नमुना प्रबंधाच्या मधोमध ठेवणार आहे मी.

लवकर बरे व्हा.

रुचिता

•

ठाणे,
५ जुलै

ती. मामा,

आज फार चिडलेली आहे, आणि चीड ऐकून घेणारे तुम्हीच आहात.

सरांनी विचारलं, "पावसात फक्त मालच भिजतो का गं? ताडपत्री भिजत नाही?" खरंच आहे. गंज लागला तर तो एकट्या टायरोसीनला लागत नाही. शेजारच्या दुसऱ्या अमिनो आम्लांवरही त्याच्या खुणा राहतात, आणि त्या आमच्या काट्याला दिसतात. त्या जड नमुन्यात मी त्या शोधल्या. परत परत शोधल्या. ताडपत्री कोरडी आहे, मामा. बाकीच्या मण्यांवर गंज इतरांइतकाच आहे. म्हणजे हा माल वाटेत भिजलेला नाही, भरतानाच भरलाय. या माणसाने गोळी घेतलेली आहे. एकदोनदा नाही, कित्येक महिने, वर्षं. रक्त घेण्याआधी थोडे दिवस थांबवली असेल, म्हणून रक्ताचं पाणी साफ. पण पेशी महिनोन् महिने जगतात, आणि त्या बांधल्या गेल्या तेव्हा गोळी अंगात होती. प्रथिनांना ते पुसता येत नाही.

तो डॉक्टरांसमोर खोटं बोलला. का? कशासाठी? असला मूर्खपणा कोण करतं? औषध असं अचानक थांबवणं किती धोक्याचं असतं, माणूस कडक होऊन पडतो, घास श्वासनळीत जातो, ताप चढून मरतोसुद्धा, हे त्याला कुणी सांगितलं नाही? मी त्याच्या भरवशावर चूक छापणार होते. तुम्हाला "बिनघोर गिळा" असं कळवूनही बसले. समोर आला तर दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतंय.

तुम्ही कसे आहात? उत्तराची घाई नाही.

रुचिता

•

आंबिवली,
१ जुलैला सुरू केलं, ६ तारखेला संपवलं

चि. रुचिता,

हे पत्र थोडं थोडं लिहितोय. दिशा पाटी धरून बसते. ती वाचत नाही, तिला तशी शपथ घातलीय.

तुझा २२ जूनचा कागद मामीने मोठ्याने वाचला. ती हसत वाचत होती. मी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

ती गाडी रिकामी नव्हती. तो नमुना माझा आहे.

तुझा प्रबंध लंगडा राहील असं तू लिहिलंस, तेव्हाच मनात आलं. काट्यावर कितीदा केलंय, गाडीवाला घाईत असला तरी माल उतरवायला लावायचा, गाडी रिकामी करायची आणि परत तोलायची. म्हटलं, आपणच रिकामं व्हायचं. तू लिहिलंस की रक्त एका दिवसात साफ होतं. मी म्हटलं, कोपऱ्यात थोडी रेती राहतेच, म्हणून रामनवमीनंतर बंद केली आणि चांगले दोन-अडीच आठवडे राहिलो. मामी गोळी हातावर ठेवायची, मी बंडीच्या खिशात टाकायचो. तिला म्हटलं, औषध बदललंय, अंगी लागायला वेळ लागतो. शेवटी शेवटी बटण लागत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. पाणी प्यायलो तरी ठसका. पण मला खरं सांगू, वाईट वाटत नव्हतं. वाटायचं, पोरीच्या कामी येतोय. निवृत्त झाल्यापासून कुणाच्या कामी आलो नव्हतो.

अक्षय तृतीयेच्या आधी काळुरामने टेम्पोतून पाचपाखाडीला, विचारत विचारत तुझ्या त्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना सांगितलं, आत्ताच सुरू झालंय, औषध काही नाही. माझी अवस्था बघून त्यांनाही खरं वाटलं. त्यांनी रक्त घेतलं, सही घेतली आणि चिठ्ठीवर हीच गोळी लिहून दिली. घरी आल्यावर मी ती घेतलीही. पण अंग सैल व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात... नाही, आधी काळुरामबरोबर बाजारात गेलो तेव्हा पडलो, मग दवाखाना. माझा गोंधळ होतो. टेम्पोतून उतरताना पडलो, ते तुला माहीत आहे.

दवाखान्यात मी तुला हेच सांगत होतो. तू हो म्हणालीस. मला वाटलं तुला कळलं. मग तुझं पत्र आलं आणि समजलं की माझ्यामुळे तू उलटा हिशेब मांडतेस. गोळीने काही होत नाही असं तू लोकांना सांगणार, आणि ते माझ्या खोट्यावर. असली पावती मी कधी फाडली नाही. तू रागावशील म्हणून गप्प बसावं असं एक दिवस वाटलं. मग नाही वाटलं.

मामीला खिशातल्या गोळ्या सापडल्यात. तिने आकांत केला नाही, हे जास्त लागलं. आता ताटात गोळी ठेवते आणि समोर उभी राहते. "गोली गिला. मी हितनं हलाची नाय. येवरं वय झालं, पन तुमाला अक्कल नाय आली." मी गिळतो.

तुझा प्रबंध बिघडवला. मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण मामाने भाचीला असं कसं लिहायचं ते ठाऊक नाही.

मामा

•

ठाणे,
१० जुलै

ती. मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं पाच तारखेचं वाचलं असेल तर फाडून टाका. थोबाडीत मारायची भाषा मी कुणाबद्दल केली, हे कळल्यावर मी लॅबच्या जिन्यात बसून तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुमच्यावर राग आहे. तो खोटा नाही, म्हणून लिहून टाकते. तुम्ही मेला असतात, मामा. माझ्या एका प्रकरणासाठी. प्रबंध पुन्हा लिहिता येतो.

पण त्याहून जास्त राग माझा माझ्यावर आहे. "दुसऱ्या दिवशी नावही राहत नाही" हे मी लिहिलं. रक्ताच्या पाण्याबद्दल लिहिलं आणि पेशींबद्दल विसरले. मी, जिचा सगळा विषय पेशींचा. पंप गळत होता, घाई होती, आणि विचारणारा कुणी परका नाही, मामा आहे, म्हणून मी प्रश्नाकडे नीट पाहिलंही नाही. तुमची सगळी पत्रं आज टेबलावर ओळीने मांडली. जानेवारीचं, फेब्रुवारीचं, मार्चचं, मग एप्रिलचं. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. रोज मी एका ऑक्सिजनचा फरक शोधते, आणि हे माझ्या हातात होतं.

सरांना सगळं सांगितलं, पाचपाखाडीच्या डॉक्टरांनाही. तुमचा नमुना मोजणीतून वगळतोय. थोड्या रिकाम्या गाड्या उरतात, तेवढ्यावर उभं राहील तसं राहील.

तुम्ही जानेवारीत विचारलेल्याचं उत्तर देते. लहान पोराची समजूत काढल्यासारखं नको म्हणाला होतात. तर ऐका. गोळी प्रथिनांत बसते. थोडी, पण बसते. तुमच्याच रक्ताने ते मला दाखवलं. त्याने पुढे काही बिघडतं का, मला माहीत नाही, आणि कदाचित मी म्हातारी होईपर्यंत माहीत होणार नाही. गोळी नसली की तुमचं काय होतं, हे मात्र आता मला माहीत आहे. म्हणून सांगते, घ्या. शंका असू दे, तरी घ्या. मी शनिवारी येतेय. रंग काढलाय म्हणालात तरी येतेय.

रुचिता

•

आंबिवली,
२ ऑगस्ट

चि. रुचिता,

शनिवारी आलीस, त्यानंतरच्याही शनिवारी आलीस, आणि तरी हे लिहितोय, कारण तोंडाने मला जमत नाही. तू कान तोंडाजवळ आणतेस तेव्हा मला रडू येतं, मग सगळंच राहून जातं.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा पूर्वीसारखं चालणं कठीण आहे. वॉकर घेऊन ओटीपर्यंत जाईन. मामीला अजून सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय.

माझा नमुना फेकून देऊ नकोस. काट्यावर चुकीची पावती फाडून टाकायची बंदी होती. तिच्यावर आडवी रेघ मारायची, खाली का चुकली ते लिहायचं, सही करायची आणि पुस्तकातच ठेवायची. तू पण तसंच कर. रेघ मार, पण कारण खरं लिही. मी खोटं बोललो, असं लिही. नाव घालायची गरज नसेल तर आकडा घाल.

गोळी घेतलीय, मामी समोर उभी होती. हे पत्र एका बैठकीत लिहिलं. दिशा म्हणते, अक्षर वरच्या रेघेला लागलं. तिला माझी दया येते म्हणून ती तसं म्हणते. तू येशील तेव्हा पट्टी घेऊन ये. लागलं म्हणू नकोस, किती कमी पडलं तेवढं सांग.

तुझा,
महिपत मामा